डोळ्यांनी शिकलेले हातात राहते

गेल्या रविवारी शेजारच्या ताई घरी आल्या. डोळ्यांत पाणी होते. म्हणाल्या, "भाऊ, पोराचं टायपिंग शिकणं वाया गेलं. डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर परत येणार नाही. आता तो टाईप कसा करणार?"

मी त्यांना माझा अनुभव सांगितला. बी. कॉम. करताना मी टायपिंगच्या क्लासला जात होतो. कागदावर पाहून ए-एस-डी-एफ बडवायचे, बोटांकडे पाहिले की सर ओरडायचे. पुढे क्लार्क झालो. साहेब तोंडी मजकूर सांगू लागले. ऐकून टाईप करणे मला कोणीच शिकवले नव्हते. स्पेलिंगला अडखळलो, पण बोटे बरोबर जागेवर पडत होती.

असे का होते? १९६३ साली चार्ल्स हॅरिस या अमेरिकन संशोधकाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना असा चष्मा दिला की समोरची वस्तू बाजूला सरकलेली दिसावी. आधी बोट चुकीच्या जागी जाई. सरावाने ते बरोबर जाऊ लागले. मग चष्मा काढला, डोळे बंद केले आणि नुसत्या आवाजाकडे बोट दाखवायला सांगितले. सराव केलेला हात तिथेही तेवढाच सरकून गेला! सराव डोळ्यांच्या मदतीने झाला होता, पण बदल हाताच्या जाणिवेत झाला होता. म्हणून तो कानाच्या कामातही उतरला. दुसऱ्या हातात मात्र तो फारसा दिसला नाही. ज्या हाताने सराव केला, त्यालाच ते आले.

बंधू-भगिनींनो, सगळेच शिकणे असे आपोआप उतरत नाही. पण बोटांनी शिकलेली जागा नजरेबरोबर जात नाही, हे लक्षात ठेवा.

आम्ही त्या मुलाला कॉम्प्युटरसमोर बसवले. त्याच्या बहिणीने बातमी सावकाश वाचली. चुका झाल्या, पण ओळी उमटल्या. दाबलेले अक्षर बोलून दाखवणारे एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. तेही टाकून दिले. २०१६ च्या दिव्यांग कायद्याने सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखीव आहेत, त्यातला १ टक्का अंध व अल्पदृष्टी असलेल्यांसाठी आहे. प्रमाणपत्राच्या कागदांसाठी मी सोबत जाणार आहे.

तुमच्या वस्तीत असे मूल असेल तर त्याला घरी बसवून ठेवू नका. रोज अर्धा तास एकाने वाचावे, त्याने टाईप करावे.