आठवीपर्यंतची दोस्ती

तुमचा पहिलीतला बेस्ट फ्रेंड आठवतोय? अर्धा डबा तुम्हाला देणारा, बेंचवर तुमची जागा धरून ठेवणारा. आता कुठे असतो तो? ‘सातवी-आठवीनंतर काँटॅक्टच राहिला नाही रे,’ हे बहुतेकांचं उत्तर. वयच तसं असतं, असं घरचे म्हणतात, आणि ते खरंही आहे. त्या वयात तुकड्या बदलतात, क्लासच्या बॅचेस बदलतात, एकाला क्रिकेट लागतं तर दुसऱ्याला गिटार. भांडण न होताच दोघं लांब जातात.

पण काही जोड्या वयामुळे तुटत नाहीत. त्या कुठल्या इयत्तेत तुटणार, हे कायद्यातच ठरलेलं असतं.

शिक्षणहक्क कायदा, म्हणजे आपला आरटीई, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. एप्रिल २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ही तरतूद कायम ठेवली. अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित शाळा तेवढ्या वगळल्या. त्यामुळे कोथरूड-बाणेरच्या फ्लॅटमधला मुलगा आणि त्याच सोसायटीच्या वॉचमनकाकांचा मुलगा एकाच बेंचवर बसू शकले.

मात्र हा कायदा ६ ते १४ वयोगटापुरता, म्हणजे आठवीपर्यंतच. नववीत पूर्ण फी. काही शाळा सवलत देतात, काही पालक कर्ज काढतात. ज्यांना यातलं काहीच जमत नाही, ते दाखला काढतात आणि अनुदानित किंवा महापालिकेची शाळा शोधतात.

आता हिशेब करून बघा. २०१२-१३ मध्ये या जागांवर पहिलीत बसलेली मुलं २०१९-२० मध्ये आठवीत होती. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, पहिली ते आठवीच्या परीक्षाही रद्द झाल्या. निरोप नाही, शर्टावर सह्या नाहीत. पुढची नववी सुरू झाली ती थेट मोबाइलवर. कोण आलं नाही, हे तिथे कळणार तरी कसं? ही मुलं आता कॉलेजच्या वयाची आहेत. म्हणजे तुमच्यातलीच.

‘एका बेंचवर बसून काय फरक पडतो?’ असं कुणी विचारेल. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी दिल्लीच्या खासगी शाळांमध्ये हेच तपासलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं, की गरीब वर्गमित्र असलेली सधन घरांतली मुलं जास्त उदार होतात आणि गरीब मुलांशी भेदभाव कमी करतात. हिंदी आणि गणिताच्या मार्कांवर परिणाम दिसला नाही, इंग्रजीत थोडी घट दिसली. म्हणजे फायदा फक्त फी माफ झालेल्या मुलाचा नसतो.

९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारनं नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट. पालक कोर्टात गेले. मुंबई हायकोर्टानं मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलैला हा बदल रद्दच केला. पहिलीचा बेंच वाचला.

नववीच्या बेंचचं काय? नव्या शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात हा कायदा वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत नेण्याची शिफारस होती. २०२० च्या अंतिम धोरणात बारावीपर्यंत सर्वांना शिक्षण हे ध्येय राहिलं, कायदा वाढवायची ती शिफारस मात्र गेली. आठवीपर्यंतचेच प्रतिपूर्तीचे पैसे सरकारकडे थकलेत, अशी शाळांची तक्रार असते, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. पैशांची सोय न करता वर्ग वाढवले, तर तो हक्क कागदावरच राहील. पण आठ वर्षं एका शाळेत काढलेल्या मुलाला दहावीच्या दोन वर्षं आधी बाहेर पडावं लागणं, हे कुठल्या हिशेबात बसतं?

जमलं तर आज शाळेचे जुने वर्गफोटो काढा. सातवीच्या फोटोतले कोणकोणते चेहरे दहावीच्या फोटोत नाहीत, ते बघा. काही जणांशी तुमचं खरंच जमेनासं झालं असेल. बाकीचे का नाहीत, हे आपण त्यांना कधी विचारलंय का?