काळाच्या पुढे, पण सोयीपुरतं!

स्टीफन जिरार्डची गोष्ट त्याचे भक्त नेहमी एकाच सुरात सांगतात. १७५० मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोला जन्म, लहानपणापासून एका डोळ्याने अधू, १७७६ मध्ये फिलाडेल्फियात दाखल. १८३१ मध्ये मेला तेव्हा स्वतःची जहाजं, स्वतःची बँक आणि अमेरिकेतल्या सगळ्यात श्रीमंत लोकांत नाव. वर इस्टेटीचा मोठा हिस्सा अनाथ मुलांच्या शाळेला! झाला की नाही सेल्फ-मेड हीरो?

मग कुणीतरी अफूचा आणि गुलामांचा विषय काढतं. त्यावर उत्तर ठरलेलं: "अरे, त्या काळात सगळेच तसं करायचे!"

माझं भांडण या वाक्याशी आहे.

जिरार्ड कुठे 'सगळ्यांसारखा' होता? पठ्ठ्याने जहाजांना नावं दिली व्होल्तेर आणि रूसो! मृत्युपत्रात लिहिलं, माझ्या शाळेच्या आवारात कुठल्याही पंथाच्या धर्मगुरूने पाऊल ठेवायचं नाही, पाहुणा म्हणूनसुद्धा नाही. त्या काळच्या अमेरिकेत, बरं का! नातेवाईक कोर्टात गेले, पण १८४४ मध्ये सुप्रीम कोर्टाने मृत्युपत्र वैध ठरवलं. १७९३ मध्ये फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ आली, सुमारे ५ हजार माणसं गेली. पैसेवाले गाव सोडून पळाले, आणि हा बुश हिलच्या हॉस्पिटलात जाऊन रुग्णांची सेवा करत राहिला. याला माझा मनापासून सलाम.

म्हणजे प्रवाहाविरुद्ध जायची धमक होती. मग नफ्याची वेळ आली की ती कुठे जायची? चीनमध्ये अफूविक्रीवर १७२९ पासून बंदी होती, तरी याची जहाजं तुर्की अफू घेऊन कॅन्टनला गेलीच. पेनसिल्व्हेनियाने गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवायचा कायदा १७८० मध्येच केला होता. तरी हॅना या गुलाम बाईला स्वातंत्र्य मिळालं ते जिरार्डच्या मृत्युपत्रातून, तो मेल्यावर. लुइझियानातल्या मळ्यावरचे तीसेक गुलाम तर त्याच मृत्युपत्रात मालमत्ता म्हणून वाटले गेले.

आणि ती शाळा? प्रवेशाची अट: गरीब, गोरे, मुलगे. हार्डकोड केलेली! १८४८ मध्ये शाळा उघडली. पुढे आजूबाजूची वस्ती कृष्णवर्णीयांची झाली, तरी त्यांच्या पोरांना मधली दगडी भिंत ओलांडता येईना. १९५७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला, तर शाळा सरकारी विश्वस्तांकडून काढून खाजगी विश्वस्तांकडे दिली. १९६५ मध्ये लोकांनी भिंतीबाहेर सात महिने निदर्शनं केली. पहिली कृष्णवर्णीय मुलं आत गेली १९६८ मध्ये. एका शब्दाची किंमत १२० वर्षं!

शाळेने हजारो पोरांचं भलं केलं, मान्य. पण म्हणून बाकीचा हिशोब आपोआप चुकता होत नाही. आणि 'त्या काळात सगळेच' म्हणताना त्या 'सगळ्यांत' आपण कुणाला धरतो? हॅनाही त्याच काळातली होती की. तिला विचारलं असतं, तर तिने काय सांगितलं असतं?