रिपोर्टची नुसती बेरीज बघू नका!

पालकहो, प्रगतिपत्रकावरची एकूण श्रेणी बघून आपण खूश होतो, गणितातला क-२ कुणी वाचतच नाही. लिपिड प्रोफाइलचंही तेच. बाबांचं एकूण कोलेस्टेरॉल १९०, म्हणजे २०० च्या आत. आई निर्धास्त! पण खाली एचडीएल ३२ (पुरुषांत किमान ४० हवं) आणि ट्रायग्लिसराइड २४० (१५० च्या आत हवं). चांगलं एचडीएल ५० असतं तर बेरीज २०८ झाली असती आणि आपण उगाच घाबरलो असतो.

एलडीएल तर बऱ्याच लॅब वजाबाकीनेच काढतात : १९० − ३२ − (२४० ÷ ५) = ११०. पाचवीतल्या मुलालाही जमेल. (ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर मात्र हे गणित चालत नाही.) बाबांना मधुमेह आहे, त्यामुळे ११० सुद्धा जास्तच. उद्या डॉक्टरांकडे चाललोय, आईला घेऊन.