अपमृत्यूची मोजदाद

वाचकहो, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी कणकेचा दिवा करून त्याची ज्योत दक्षिणेकडे वळवायची आणि घरात कुणाला अपमृत्यू येऊ नये म्हणून यमाला हात जोडायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. त्याच दिवशी वैद्यमंडळी धन्वंतरीची पूजा करतात. वेळेवर आणि नीट उपचार मिळाले असते तर जे झालेच नसते, अशा मृत्यूंचा विचार यंदाच्या अंकाच्या आरंभी करावा असे आम्हाला वाटले.

असे मृत्यू मोजण्याची कल्पना हार्वर्डच्या डेव्हिड रुटस्टाइन यांनी १९७६ साली मांडली. घटसर्पाने किंवा बाळंतपणात कुणी दगावले तर ती धोक्याची घंटा समजावी आणि हे का घडले याचा छडा लावावा, असे त्यांचे म्हणणे. पुढे एलेन नोल्टे आणि मार्टिन मकी यांनी १९ संपन्न देशांच्या मृत्यूनोंदी याच नजरेने तपासल्या. १९९७-९८ ते २००२-०३ या काळात असे मृत्यू सरासरी १६ टक्क्यांनी घटले होते. अमेरिकेत मात्र जेमतेम ४ टक्क्यांनी. पंचाहत्तरीच्या आतल्या लोकांत फ्रान्समध्ये लाखामागे सुमारे ६५ जण असे गेले, अमेरिकेत सुमारे ११०. आरोग्यावर दरडोई सर्वांत जास्त पैसा ओतणारा देश या यादीत शेवटच्या क्रमांकावर होता. कोट्यवधी लोकांकडे विमाच नसेल, तर उत्तमोत्तम रुग्णालये असून काय उपयोग?

आपली स्थिती आणखी अस्वस्थ करते. ‘लॅन्सेट’ने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे २४ लाख माणसे उपचारांनी वाचण्याजोग्या आजारांत दगावतात. त्यांतल्या सुमारे १६ लाखांना उपचार मिळालेले असतात, पण ते निकृष्ट असतात. म्हणजे तिघांतले दोघे दवाखान्याची पायरी चढलेले असतात! आरोग्यसेवेच्या दर्जाचा एक जागतिक निर्देशांक आहे. त्यात १९९० साली भारताला १०० पैकी २४.७ गुण होते, २०१६ साली ४१.२ झाले. सुधारणा खरीच, तरीही १९५ देशांत आपण १४५वे. श्रीलंका ७१वी. देशातल्या देशात गोवा आणि केरळ साठीच्या पुढे, तर आसाम आणि उत्तर प्रदेश पस्तिशीच्या आत. एकाच देशात जन्मलेल्या दोन मुलांच्या नशिबात एवढे अंतर असावे, हे आम्हाला मान्य नाही.

हे मृत्यू टाळायला दर वेळी कोट्यवधींची यंत्रे लागत नाहीत. लाल विंचू चावलेली कोकणातली मुले दवाखान्यात आणूनही जात, तेव्हा रायगड जिल्ह्यात काम करणारे डॉ. हिंमतराव बावसकर त्यांच्या उशाशी बसून राहिले. दरदरून घाम, बर्फासारखे गार हातपाय, वाढलेला रक्तदाब, मग फुफ्फुसांत पाणी – हा क्रम त्यांनी टिपला आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरून पाहिले. पूर्वी गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांतले तीसचाळीस दगावत. हे प्रमाण एखाददुसऱ्यावर आले.

दुसरे उदाहरण बेळगावचे. बाळंतिणीचा रक्तस्राव नुसत्या डोळ्यांनी जोखला की अंदाज हमखास कमी भरतो आणि धावपळ उशिरा सुरू होते. बेळगावच्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर एक प्लास्टिकचे कापड तयार केले. ते बाळंतिणीच्या अंगाखाली अंथरायचे. खालच्या पिशवीवर मापाच्या खुणा असतात, त्यामुळे किती रक्त गेले ते तिथल्या तिथे कळते. अशाच मापाच्या कापडाला ठरलेल्या उपचारांची जोड देऊन केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या रुग्णालयांत मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. अतिरक्तस्राव, त्यामुळे करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी खाली आले होते. जिथे जिथे बाळंतपणे होतात, त्या प्रत्येक ठिकाणी हे कापड का नसावे?

पण आधी माणूस कशाने गेला ते तरी कळायला हवे. देशात २०२० मध्ये नोंदवलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम साडेबावीस टक्क्यांचेच कारण डॉक्टरांनी प्रमाणित केले होते. गोव्यात हे प्रमाण शंभर टक्के होते. म्हणजे मनावर घेतले तर जमते. बाकीच्यांचे ‘अल्पशा आजाराने निधन’ वर्तमानपत्रात छापून येते, तेराव्यानंतर विषय मिटतो. आपल्याकडचे असे बरेचसे आकडे अंदाजावर उभे असतात, ते यामुळेच. ज्या मृत्यूचे कारण लिहिलेले नाही, त्याचा जाब कुणाला विचारणार?

जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. रुग्णालयात मृत्यू झाला तर त्याच्या कारणाचे प्रमाणपत्र विनामूल्य द्यायचे आणि त्याची प्रत जवळच्या नातलगाला द्यायची, हे आता रुग्णालयावर बंधनकारक आहे. दुःखाच्या त्या घडीला कागद मागणे जिवावर येते, हे आम्ही जाणतो. तरीही, वाचकहो, तशी वेळ कुणावर आली तर घरातल्या एकाने ही प्रत मागून घ्यावी, तिच्यावर कारण स्पष्ट लिहिले आहे की नाही ते पाहावे आणि लिहिले नसेल तर लिहून घ्यावे, एवढी आमची कळकळीची विनंती आहे.