गाभ्यात घ्यायचं की बाहेर ठेवायचं?

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही पायथॉन डाउनलोड करता, तेव्हा नुसती भाषा येत नाही. तारखा, गणित, फाइली, ईमेल अशा नेहमीच्या कामांचं तयार सामानही सोबत येतं. ही पायथॉनची स्टँडर्ड लायब्ररी, म्हणजेच गाभा. बाकीचं सामान पिप वापरून वेगळं आणावं लागतं. मग एखादं चांगलं फीचर दिसलं की मनात येतंच, हे गाभ्यातच का देत नाहीत?

‘उपयोगी आहे’ एवढंच कारण त्याला पुरत नाही. रिक्वेस्ट्स ही लायब्ररी घ्या. वेबवरून माहिती आणायला असंख्य लोक तीच वापरतात. पायथॉनची अधिकृत माहितीपुस्तिकासुद्धा तिची शिफारस करते. तरी ती गाभ्याबाहेरच आहे. गाभ्यात नवी फीचर्स येतात वर्षातून एकदा, ऑक्टोबरच्या सुमारास. वेबचं जग तेवढं थांबत नाही. बाहेर असल्यामुळे रिक्वेस्ट्सला आपल्या गतीने सुधारता येतं.

आता उलट उदाहरण. टॉमल ही प्रोजेक्टची माहिती फाइलीत लिहून ठेवायची एक सोपी पद्धत. मूळ कोडवरून प्रोजेक्ट इन्स्टॉल करण्याआधी पिपला ही फाइल वाचावी लागते. पण टॉमल वाचणारी लायब्ररीच आधी इन्स्टॉल करायची असेल, तर ती करायची कशी? पेटीची किल्ली पेटीतच राहिल्यासारखं झालं! त्यामुळे पिपसारखी साधनं अशा लायब्ररीची एकेक प्रत आपल्या पोटातच बाळगत होती. अखेर २०२२ मध्ये, पायथॉन ३.११ सोबत, टॉमलिब गाभ्यात आलं. आपल्या मिसळणाच्या डब्यात मोहरी-हळद असते, कारण ती फोडणीलाच लागते. इंदुरी पोह्यांवर जिरावण रोज भुरभुरलं, तरी त्याची बरणी वेगळीच असते.

यातली खरी गंमत पुढे आहे. टॉमलिब फाइल फक्त वाचतं, लिहीत नाही. फाइलीत काय आहे, याचं उत्तर एकच असतं. लिहिताना मात्र मोकळी जागा किती सोडायची, यादी एका ओळीत द्यायची की अनेक, जुन्या टिपा कशा जपायच्या, यावर प्रत्येकाचं मत निराळं. एक मत गाभ्यात बसलं की ते सगळ्यांवर लादलं जातं. म्हणून निम्मंच काम आत घेतलं. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

कारण आत घेतलेलं बाहेर काढणं महाकठीण. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पायथॉन ३.१३ मधून १९ जुनी मॉड्यूल्स काढली. त्यांत सीजीआय होतं, टेलनेटलिब होतं. एके काळी ही कामाचीच होती. काढण्याची सूचना ३.११ पासून दिली जात होती, तरी ज्यांचा जुना कोड त्यांवर चालत होता, त्यांना पर्याय शोधावे लागले. आणि ती तशीच ठेवणंही फुकटचं नव्हतं. गाभ्यातल्या प्रत्येक ओळीची चाचणी घ्यावी लागते, सुरक्षेच्या त्रुटी बुजवाव्या लागतात. हे काम करणारे बरेचसे लोक स्वयंसेवक आहेत. नोकरी-घर सांभाळून ते हा भार उचलतात.

उद्या तुम्हीही एखादी छोटी लायब्ररी लिहाल आणि कुणीतरी म्हणेल, ‘हे फीचर घाल ना!’ तेव्हा तीन गोष्टी विचारा. याच्यावाचून पहिलं पाऊलच अडतं का? करण्याची सर्वांना पटेल अशी एकच रीत आहे का? आणि पाच वर्षांनी हे सांभाळणार कोण? तिसऱ्या प्रश्नाला कुणाचंच नाव पुढे येत नसेल, तर ते फीचर बाहेरून जोडता येईल एवढी सोय ठेवा आणि गोडीत ‘नाही’ म्हणा.