तोलेदोची एक फेरी

माद्रिदहून मित्रांसोबत एक दिवस तोलेदोला गेलो. तीन बाजूंनी ताहो नदी, आत चढाच्या अरुंद गल्ल्या. आमचे गुडघे बोलू लागले. तिथे पांढऱ्या कमानींचे ज्यूंचे जुने प्रार्थनास्थळ पाहिले. पुढे त्याचे चर्च केले. नाव सांता मारिया ला ब्लांका.

याच गावात १४४९ साली ठराव झाला : ज्यू घराण्यातला माणूस ख्रिस्ती झाला, तरी त्याला गावकारभारात पद नाही. रक्त शुद्ध नाही म्हणे! पोपने निषेध केला. तरी १५४७ मध्ये इथल्याच कॅथेड्रलने तसाच नियम लावला.

‘बौद्ध झालात, पण मूळचे कोण?’ हा प्रश्न मी कचेरीत कितीदा ऐकला आहे.

मित्र बदामाची मिठाई घ्यायला थांबले. मी पुन्हा त्या कमानींखाली जाऊन उभा राहिलो.