शुल्क घ्या, पण फाटक उघडे ठेवा

बाजार चालवणाऱ्याने बाजाराचा खर्च वसूल करावा, याला माझी हरकत नाही. मी सौसरच्या मंडीत हिशेबनीस म्हणून नोकरी केली. ओटे झाडायला माणसे लागतात, तोलकाटे तपासावे लागतात, व्यापाऱ्याने शेतकऱ्याचे पैसे अडकवू नयेत म्हणून कागद सांभाळावे लागतात. हे सगळे मंडी शुल्कावर चालते. ते शुल्क माल घेणारा व्यापारी भरतो आणि माझ्या काळात ते शेकडा दोन रुपयांच्या आसपासच असायचे.

मोबाइलवरच्या अ‍ॅपच्या दुकानातला हिशेब मला पुतणीमुळे कळला. ती कृषी पदवीधर आहे आणि पांढुर्ण्याजवळ तिच्या सासरी संत्र्याचा बगीचा आहे. आंबिया बहारासाठी झाडांना ताण कधी द्यायचा, सल कशी काढायची, डिंक्या दिसला की बोर्डो पेस्ट कशी लावायची, हे ती आपल्याकडच्या मराठीत उत्तम समजावते. या धड्यांचे एक अ‍ॅप करावे आणि वर्षाला तीनशे रुपये वर्गणी ठेवावी, असा तिचा विचार आहे. मी कागद घेऊन बसलो. हजार बागायतदार मिळाले तर तीन लाख रुपये येतील. गुगलच्या प्ले स्टोअरमधून वर्गणी घेतली तर शेकडा पंधरा, म्हणजे पंचेचाळीस हजार रुपये कापले जातील. ग्राहकाला पैसे भरण्याची दुसरी सोय दिली आणि त्याने ती निवडली, तर शुल्क चार टक्क्यांनीच उतरते. म्हणजे ज्या पैशाला गुगलने हातही लावला नाही, त्यातलेही तेहतीस हजार त्यालाच द्यायचे.

त्याच अ‍ॅपवरून तिने संत्र्याची पेटी विकली तर मात्र एक रुपयाही द्यावा लागत नाही, कारण फळ ही हातात घेता येणारी वस्तू आहे. फळाला सूट आणि फळ पिकवण्याच्या ज्ञानाला शुल्क. अ‍ॅप तेच, फोन तोच, दुकानदाराला पडणारे कामही जवळजवळ तेवढेच. मग हे शुल्क दुकान चालवण्याच्या खर्चावर बेतले आहे, असे मी कसे मानू? जिथून काढता येते तिथून ते काढले जाते, एवढाच याचा अर्थ मला लागतो.

काढता येते, कारण बाहेर जायची वाट अरुंद आहे. भारतातल्या दहा स्मार्टफोनपैकी नऊहून अधिक अँड्रॉइडवर चालतात आणि त्यांत प्ले स्टोअर आधीच बसवलेले असते. उरलेले बहुतेक अ‍ॅपलचे, आणि तिथे तर आपल्या देशात दुसऱ्या दुकानाला परवानगीच नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने हे सगळे तपासून २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. पाचच दिवसांनी प्ले स्टोअरच्या बिलिंग सक्तीसाठी आणखी ९३६.४४ कोटींचा दंड झाला. त्या दुसऱ्या आदेशातली एक नोंद मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. जी बिलिंग पद्धत इतरांवर लादली, ती गुगलच्या स्वतःच्या यूट्यूबला लागू नव्हती. मंडीचा सचिवच आवारात आडत लावून बसला आणि स्वतःच्या ढिगाला शुल्क माफ करून घेतले, तर आपल्या शेतकऱ्यांनी ते एक दिवस तरी चालू दिले असते का?

अशा फाटकाची ताकद १ मार्च २०२४ ला सगळ्यांना दिसली. शुल्क भरत नाहीत म्हणून गुगलने दहा भारतीय कंपन्यांची अ‍ॅप काढायला सुरुवात केली. शादी डॉट कॉम, भारत मॅट्रिमनी, नोकरी डॉट कॉम, कुकू एफएम अशी घराघरांत माहीत असलेली नावे त्यांत होती. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, बैठका झाल्या आणि काही दिवसांत अ‍ॅप परतली. त्या मोठ्या कंपन्या होत्या, म्हणून दिल्लीत त्यांचे ऐकले गेले. पांढुर्ण्याच्या एखाद्या मुलीचे अ‍ॅप असे काढले गेले तर तिच्यासाठी कोणता मंत्री बोलणार?

दुसरी वाट उघडली की काय होते, याचा पुरावा आपल्याच मध्य प्रदेशात आहे. सन २००० मध्ये आयटीसी कंपनीने सोयाबीनसाठी ई-चौपाल सुरू केली. गावात संगणक आला, त्यावर भाव दिसू लागले आणि मंडीत न जाता थेट कंपनीला माल देण्याची सोय झाली. अर्थतज्ज्ञ अपराजिता गोयल यांनी पुढे मंड्यांतल्या भावांचा अभ्यास केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या भागात हे संगणक पोहोचले, तिथल्या मंड्यांमधलाच सोयाबीनचा भाव एक ते तीन टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. म्हणजे जो शेतकरी कंपनीकडे कधी गेलाच नाही, जुन्याच मंडीत जुन्याच व्यापाऱ्याला माल देत राहिला, त्यालाही फायदा झाला. तो उठून दुसरीकडे जाऊ शकतो, एवढे व्यापाऱ्याला कळले आणि बोली चढली.

अ‍ॅपच्या दुकानांचा इतिहास हेच सांगतो. ऑगस्ट २०२० मध्ये एपिक या गेम कंपनीने अ‍ॅपल आणि गुगल दोघांनाही अमेरिकेत कोर्टात खेचले. त्यानंतर, २०२१ मध्ये, दोघांनी लहान व्यावसायिकांचे शुल्क तीसवरून पंधरा टक्क्यांवर आणले. नोव्हेंबर २०२५ मध्ये एपिकशी समेट करताना गुगलने ते आणखी उतरवण्याची तयारी दाखवली. इतकी वर्षे जे शुल्क अपरिहार्य म्हणून सांगितले जात होते, ते दबाव येताच निम्मे झाले. खऱ्या स्पर्धेत ते आधीच उतरले असते.

खुली व्यवस्था चालत नाही, असे म्हणणाऱ्यांनी पांढुर्ण्याच्या बाजारात फेरी मारावी. भाजीवालीच्या गाडीवर एका कंपनीचा क्यूआर असतो, गिऱ्हाईक दुसऱ्याच कंपनीच्या अ‍ॅपने पैसे देते आणि ते तिच्या बँकेत पोहोचतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयची रचनाच अशी आहे, की कोणत्याही अ‍ॅपला दुसऱ्या अ‍ॅपसाठी दार लावता येत नाही.

सुरक्षेचा मुद्दा मात्र मी हलका मानत नाही. लग्नपत्रिका किंवा वाहनाचे चालान म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल येते, माणूस ती उघडतो आणि खाते रिकामे होते. म्हणून गावात ‘प्ले स्टोअरवर नसलेले काही घेऊ नका’ हा सल्ला मीही देतो. पण अ‍ॅप तपासणे हे एक काम आणि वर्गणीचा गल्ला सांभाळणे हे दुसरे. तपासणीसाठी रास्त फी जरूर घ्यावी. तोलकाटा खरा आहे म्हणून विक्रीच्या रकमेत शेकडा पंधराचा वाटा मागता येत नाही. दुसरे दुकान बेभरवशाचेच असते, असेही नाही. फोनपेने फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस अ‍ॅपस्टोअर काढले. ते भारतीय भाषांत चालते आणि व्यावसायिकाने पैसे घेण्याची स्वतःची सोय वापरली तर कमिशन घेत नाही, असे त्यांनी सुरुवातीलाच जाहीर केले. पण ते प्ले स्टोअरमध्ये मिळत नाही. इतर दुकानांना प्ले स्टोअरमध्ये जागा द्या, असे स्पर्धा आयोगाने सांगितले होते. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणातला दंड कायम ठेवला, मात्र हा निर्देश रद्द केला. माझ्या मते सगळ्यांत उपयोगी निर्देश तोच होता.

आणि या कज्ज्यांना लागणारा वेळ पाहा. बिलिंगचा आदेश ऑक्टोबर २०२२ चा. अपिलाचा निकाल मार्च २०२५ मध्ये लागला आणि दंड २१६.६९ कोटींवर आला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढची अपिले दाखल करून घेतली. एवढ्या काळात मोठी कंपनी वकिलांची फी भरत राहते, लहान व्यावसायिक धंदा बंद करतो. त्यातही मराठीतले, तेही पांढुर्णा-सौसरसारख्या सीमेवरच्या दोन तालुक्यांपुरते काम असेल तर गिऱ्हाईक मोजकेच. तिथे शेकडा पंधरा हा नफ्यातला वाटा उरत नाही, बहुतेक वेळा तोच सगळा नफा असतो. मग असे अ‍ॅप निघतच नाही. जे निघालेच नाही त्याची तक्रार कोणत्याही आयोगाकडे जात नाही, आणि म्हणूनच हे नुकसान कोणाच्या हिशेबात दिसत नाही.

नुकसान झाल्यावर दंड करण्यापेक्षा नियम आधी असावेत, हे युरोपने ओळखले. तिथल्या डिजिटल बाजार कायद्यामुळे मार्च २०२४ पासून अ‍ॅपललाही इतर दुकानांना वाट द्यावी लागली. आपल्याकडे त्याच महिन्यात केंद्राच्या समितीने डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मांडला. तो अजून कायदा झालेला नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. अ‍ॅप तपासण्याची फी आणि पैसे घेण्याची सोय वेगळी करा आणि दुकानाची पैसे घेण्याची सोय कोणावर लादू नका. इतर दुकानांची सुरक्षा एखाद्या स्वतंत्र यंत्रणेने तपासावी, आणि जी उतरतील त्यांना प्ले स्टोअरमध्ये आणि आयफोनवरही जागा मिळावी. दुकानाचा मालक स्वतः माल विकत असेल तर त्याला इतरांचेच नियम लागू व्हावेत. अ‍ॅप काढण्याआधी नोटीस आणि ठरलेल्या मुदतीत सुनावणी मिळावी. पांढुर्णा आणि सौसर छिंदवाडा लोकसभा मतदारसंघात येतात. संत्र्याच्या भावाबद्दल आपण खासदारांना जसे विचारतो, तसे या विधेयकाबद्दलही विचारू या. आपल्या मुलांना पुढे ज्या बाजारात विकायचे आहे, त्याचे नियम आत्ता ठरत आहेत.